विक ते नारसारसुआक: खुर्चीत बसून उत्तर अटलांटिक

विमान उडवायचा होम सिम्युलेटर घेतल्यावर सुरुवातीला सगळे एकच उद्योग करतात, आधी स्वतःच्या घरावरून घिरट्या, मग मोठं जेट घेऊन एखाद्या पुलाखालून, मग कुठल्यातरी ज्वालामुखीच्या तोंडात, आणि दोन-तीन आठवड्यांत जॉयस्टिकवर धूळ. मला विचाराल तर कारण साधं आहे, एका क्लिकवर कुठेही जाता येत असेल तर कुठेच गेल्यासारखं वाटत नाही. म्हणून यावेळी ठरवलं की नीट प्रवास करायचा, छोटं विमान घेऊन, टप्प्याटप्प्याने, जिथे उतरू तिथेच विमान मुक्कामाला ठेवायचं आणि पुढच्या वेळी तिथूनच निघायचं.

रूट निवडला तो फेरी पायलट लोकांचा जुना रस्ता. छोटी विमानं युरोप-अमेरिका अशी पोचवायची असतात तेव्हा त्यांच्या टाकीत एका दमात अटलांटिक पार करण्याएवढं इंधन मावत नाही, म्हणून ती स्कॉटलंड, फॅरो बेटं, आइसलंड, ग्रीनलंड अशा उड्या मारत जातात. मी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळच्या विकवरून सुरू करून दक्षिण ग्रीनलंडमधल्या नारसारसुआकला संपवायचं ठरवलं. विमान सेसना १७२, काटेवाल्या जुन्या घड्याळांचं, काचेच्या स्क्रीनवालं नाही. वापरता येण्यासारखं इंधन ५३ गॅलन, वेग साधारण ११५ ते १२० नॉट, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, त्यामुळे घाई असणाऱ्यांनी नादी लागू नये.

नियम मी स्वतःला घालून घेतले. हवामान लाइव्ह, म्हणजे तिथे त्या क्षणी जे आहे तेच. वेळ पुढे पळवायची नाही. आदळलं तर ती ट्रिप तिथेच खल्लास. घड्याळ मात्र दिवसाउजेडीचं ठेवायचं, कारण बघायलाच तर चाललोय, अंधारात इन्स्ट्रुमेंट बघत बसायचं तर एवढ्या लांब कशाला जायचं?

शुक्रवार: विक ते वागर

पहिला टप्पा साधारण २५० नॉटिकल मैल, वायव्येला थोडं उत्तरेकडे झुकून. निघण्याआधी अर्धा तास फक्त कागदावर गेला आणि खोटं कशाला बोलू, मला हा भाग उडण्याएवढाच आवडतो. वारा डावीकडून, म्हणून नाक किती अंश डावीकडे ठेवायचं, किती मिनिटांनी कुठे असायला पाहिजे, इंधन किती जाईल, सगळं वहीत. सिममध्ये मूव्हिंग मॅप असतो, पण तो बंद केला. तो चालू असला की माणूस खिडकीबाहेर बघतच नाही.

टेकऑफ झालं, ५५ नॉटला नाक उचललं, ७४ वर चढण धरली, आणि पाच-दहा मिनिटांत उजवीकडे ऑर्कनी बेटं. हॉय बेटाच्या कड्यापाशी तो ओल्ड मॅन ऑफ हॉय नावाचा दगडी सुळका उभा आहे, १३७ मीटर उंच, समुद्रातून थेट वर. सिममध्ये तो जरा ओबडधोबड गोळ्यासारखा दिसतो, पण सुळका आहे हे कळतं. त्याच्यामागे स्कापा फ्लो, जिथे १९१९ मध्ये जर्मनांनी स्वतःचंच आरमार बुडवलं होतं.

मला या जागेचं वेगळ्याच कारणासाठी अप्रूप होतं. १९२४ मध्ये अमेरिकन लष्कराची डग्लस वर्ल्ड क्रूझर विमानं जगाची पहिली विमानप्रदक्षिणा करत होती, ती इथूनच ऑर्कनीवरून आइसलंडकडे निघाली होती. उघडं कॉकपिट, रेडिओ नाही, एकच इंजिन. धुक्यामुळे दोन विमानं मागे फिरली, तिसरं पुढे रेटत गेलं आणि २ ऑगस्टला आइसलंडच्या हॉर्नाफ्योर्दुरला उतरलं, आइसलंडला हवेतून पोचलेलं ते पहिलं विमान. दुसऱ्या दिवशी मागची दोन पुन्हा निघाली तर त्यातलं बोस्टन नावाचं विमान इंजिनात बिघाड होऊन समुद्रात उतरलं आणि फॅरो बेटांजवळ ओढून नेताना उलटून बुडालं. माणसं वाचली. माझा पहिला आणि दुसरा टप्पा म्हणजे साधारण हाच समुद्र.

बेटं मागे पडली आणि मग तास-दीड तास नुसतं पाणी. इथे लोक कंटाळतात आणि वेळ चौपट करतात, त्यांचं त्यांना लखलाभ. पण पाण्यावरच तर काम असतं. काटेवाल्या विमानातला दिशा दाखवणारा जायरो हळूहळू सरकत जातो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी होकायंत्र बघून तो परत जुळवून घ्यावा लागतो, आणि होकायंत्र तर विमान सरळ आणि स्थिर असतानाच खरं बोलतं. त्यात इंधनाचं मिश्रण पातळ करायचं, ट्रिमचं चाक एक-एक दात फिरवत बसायचं, जॉयस्टिक सोडली तरी विमान सरळ जाईल एवढं. ते एकदा जमलं की हात मांडीवर ठेवून नुसतं बाहेर बघता येतं आणि तेव्हाचं सुख काय सांगू.

मग ढगांच्या खाली काळे कडे दिसले, वहीतल्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा, म्हणजे वारा अंदाजापेक्षा जोरात. वागर हा फॅरो बेटांवरचा एकुलता एक विमानतळ, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधलेला. धावपट्टी पूर्वी फक्त १,२५० मीटर होती, २०११ मध्ये ती १,७९९ मीटर केली. आजूबाजूला डोंगर, त्यामुळे वारा सरळ येतच नाही, वळसे घेत, आपटत येतो. मी आले तेव्हा रिपोर्टमध्ये वारा २४० अंशांवरून १७ नॉट आणि धावपट्टी ३०, म्हणजे ३०० अंशांच्या दिशेची, म्हणजे साठ अंशांचा कोन, म्हणजे १५ नॉटच्या आसपास निव्वळ आडवा. सेसनाच्या पुस्तकात प्रात्यक्षिक करून दाखवलेला जास्तीत जास्त आडवा वारा तेवढाच आहे, १५ नॉट.

अप्रोच तळ्यावरून. हे तेच सोरवाग्सवात्न तळं जे फोटोत समुद्राच्या वर लटकल्यासारखं दिसतं, खरं तर ते समुद्रापासून ३०-४० मीटरच उंच आहे, फोटो काढायच्या कोनाची करामत आहे सगळी. ते बघायला सवड कुठली म्हणा. नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरकं येत होते, धावपट्टी समोरच्या काचेत नाही तर उजव्या कोपऱ्यात, आणि जमिनीच्या जरा वर आल्यावर उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) देऊन नाक सरळ केलं आणि डावा पंख वाऱ्यात खाली दाबला. डावं चाक आधी टेकलं, मग उजवं, मग नाकाचं. जॉयस्टिकच्या पिळावर रडर देत असाल तर ही कसरत जास्त अवघड जाते, कारण एकाच मनगटाने डावीकडे झुकवायचं आणि उजवीकडे पिळायचं. पायातले पेडल घ्यायचा विचार याच क्षणी लोकांच्या डोक्यात येतो.

शनिवार: वागर ते हॉर्नाफ्योर्दुर

हाही २५० मैलांच्या आसपासचाच, पण स्वभाव एकदम वेगळा. कालचा दिवस वाऱ्याचा होता, आजचा दाबाचा.

आइसलंडच्या आजूबाजूला कमी दाबाचा पट्टा कायम घर करून असतो. निघताना वागरचा दाब १००२ हेक्टोपास्कल, आणि हॉर्नाफ्योर्दुरचा ९८४. उंची दाखवणारा अल्टिमीटर म्हणजे शेवटी हवेचा दाब मोजणारी डबीच, एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८-३० फूट. म्हणजे मी वागरचाच आकडा ठेवून निघाले असते तर तिकडे पोचेपर्यंत काटा ४,५०० दाखवत असताना मी खरी जेमतेम ४,००० वर असते. समुद्रावर काही फरक पडत नाही, पण पुढे आइसलंडचे डोंगर ढगात लपलेले असतात तिथे हे पाचशे फूट फार महागात पडतात. सिममध्ये एक बटण दाबलं की दाब आपोआप सेट होतो, मी ते बटणच काढून टाकलंय, रेडिओवर हवामान ऐकायचं आणि हाताने फिरवायचं.

ढग वर-खाली दोन्हीकडे होते आणि मी मधल्या फटीतून जात होते, करड्या छताखाली करडी जमीन, मधे माझं विमान. मग पुढे क्षितिजावर एक पांढरी कड दिसायला लागली. आधी वाटलं ढगच, पण ती हलेना. वात्नायोकुल. आइसलंडचा साधारण आठ टक्के भाग या एका हिमनदीखाली आहे. पन्नास-साठ मैलांवरून ती दिसायला लागली आणि उतरेपर्यंत वाढतच गेली. सिमच्या जाहिरातींमध्ये नेहमी मोठमोठी शहरं आणि प्रत्येक खिडकी दिसणाऱ्या इमारती दाखवतात, मला मात्र वाटतं शहरात सिमची सगळी लबाडी उघडी पडते, झाडं इमारतीतून उगवलेली, पूल पाण्यात वितळलेले. डोंगर, बर्फ, किनारा, ढग आणि उजेड यात मात्र ते असं काही फसवतं की विचारू नका.

लँडिंग अगदी साधं झालं, सांगण्यासारखं काही नाही. विमान पार्क केलं तेव्हा मनात आलं की शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाने धुक्यातून येऊन इथल्याच पाण्यावर विमान टेकवलं तेव्हा त्याच्याकडे दाबाचा आकडा सांगणारं रेडिओवर कुणीच नव्हतं.

रविवार: दक्षिण किनारा, वेस्टमान बेटं, रेक्याविक

आजचा दिवस पूर्ण हौसेचा. सरळ रेषेत रेक्याविक गाठण्याऐवजी किनाऱ्याकिनाऱ्याने, १,००० फुटांवर, उजवीकडे बर्फ आणि डावीकडे समुद्र. सकाळी आभाळ मोकळं होतं, असं इथे रोज मिळत नाही.

आधी योकुलसारलोन, हिमनदीच्या तोंडाशी असलेलं तळं. माझ्या सिममध्ये तिथले हिमखंड सॅटेलाइट फोटोतले आहेत, म्हणजे वरून बघितले तर झकास आणि खाली गेलं की पाण्यावर चिकटवलेल्या स्टिकरसारखे चपटे. तेव्हा तिथे हजार फुटांच्या खाली जाऊ नये हा फुकटचा सल्ला. मग उजवीकडे मान वर करून बघावं लागतं असं हवान्नादाल्सन्यूकुर, २,११० मीटर, देशातलं सगळ्यात उंच टोक, आणि त्याच्या पायथ्याशी लगेच सपाट काळी वाळू, स्केइदारारसांदुर. ही वाळू मैलोन्मैल का पसरली आहे ते वरून बघितल्यावर डोक्यात बसतं. बर्फाच्या खाली ज्वालामुखी फुटतो, वरचं बर्फ वितळून पाणी साठतं आणि एक दिवस सगळंच्या सगळं बाहेर धडकतं, सोबत डोंगराचा चुरा घेऊन. १९९६ च्या नोव्हेंबरमधल्या पुराने देशाभोवती फिरणाऱ्या रिंग रोडवरचे इथले पूल वाहून नेले होते. नकाशात वाचलेलं होतं सगळं, पण त्या काळ्या मैदानावरून दहा-बारा मिनिटं उडत राहिल्यावर आणि खालचा रस्ता दोऱ्यासारखा दिसल्यावर ते आकडे राहत नाहीत.

पुढे वीक गावची काळी किनारपट्टी, दिरहोलाएची दगडी कमान (कमानीखालून गेले नाही, नियम पाळायचे म्हणजे पाळायचे), आणि आत एयाफ्यात्लायोकुल, ज्याच्या राखेने २०१० च्या एप्रिलमध्ये अर्ध्याहून जास्त युरोपची विमानं जमिनीवर बसवली होती. मी त्याच्या शेजारून आरामात, बिनराखेच्या हवेत.

मग समुद्रावर डावीकडे वळून वेस्टमान बेटं. हेमाएचा विमानतळ मला या अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त आवडला. छोटं बेट, त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आणि जवळच दोन ज्वालामुखी शंकू. त्यातला एल्डफेल तर १९७३ च्या २३ जानेवारीला रात्री गावाच्या कडेला जमीन फाटून तयार झाला, त्याच्या आधी तिथे डोंगरच नव्हता. पाच हजारांवर लोकांना रातोरात मच्छीमार बोटींतून मुख्य भूमीवर नेलं, आणि लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला लागला तेव्हा समुद्राचं पाणी पंपाने त्यावर मारून मारून तो थंड केला, बंदर वाचवलं. वरून बघितलं तर लाव्हाची जीभ कुठपर्यंत आली होती ती सरळ दिसते, गावाला खेटून थांबलेली. मी शंकूभोवती दोन चकरा मारल्या आणि मग खाली उतरले, कड्याजवळ वाऱ्याने विमान एकदम शंभरेक फूट खाली खेचलं तेव्हा पोटात गोळा आला, खुर्ची तर जागची हललीही नव्हती. याला काय म्हणायचं? डोळे पोटाला फसवतात एवढंच मला कळतं.

नैर्ऋत्येला सुर्त्सेय, १९६३ ते १९६७ मध्ये समुद्रातून वर आलेलं बेट. तिथे शास्त्रज्ञांशिवाय कुणाला पाय ठेवू देत नाहीत. वरून चक्कर मारायला मला कोण अडवणार!

रेक्याविकला मात्र एकटी नव्हते. व्हॅट्सिम नावाचं एक नेटवर्क आहे, २००१ पासूनचं, त्यात जगभरातले हौशी लोक कंट्रोलर बनून बसतात आणि तुमच्याशी खऱ्या रेडिओसारखं बोलतात, सगळं फुकट, सगळं स्वयंसेवी. टॉवरवर कुणीतरी बसलं होतं. त्याने मला एका जेटच्या मागे दुसऱ्या नंबरवर ठेवलं, मी त्याचं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, तसं म्हणावंच लागतं, आणि खरं सांगते वागरच्या वाऱ्यापेक्षा इथे जास्त घाम फुटला. शहराच्या मधोमध धावपट्टी, बाजूला हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चचा ७४.५ मीटरचा मनोरा. उतरल्यावर त्याने गुड डे म्हटलं आणि मी उगाचच खूश.

सोमवार ते शुक्रवार: विमान रेक्याविकला, मी जमिनीवर

पुढचा टप्पा साधारण ४०० मैलांचा, चार तासांचा, तो कामाच्या दिवशी जमणार नव्हता. पण रोज रात्री पूर्व ग्रीनलंडमधल्या कुलुसुकचं हवामान उघडून बघायचं व्यसन लागलं. सोमवारी धुकं. मंगळवारी ढग ३०० फुटांवर. बुधवारी बरं होतं तर मला वेळ नव्हता. गुरुवारी परत धुकं. खरे फेरी पायलट हॉटेलात असेच दिवस काढत असणार.

या रिकाम्या दिवसांत सिमचा इतिहास चाळत बसले. एडविन लिंक नावाच्या माणसाने १९२९ मध्ये पहिला चालणारा ट्रेनर बनवला, वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता, तिथलेच हवेचे भाते आणि झडपा वापरून. लोकांना तो आधी जत्रेतला खेळ वाटला, मग ढगात उडायचं शिकवायला लष्कराने तो घेतला आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो पायलट त्यात बसून शिकले. म्हणजे आपल्या या छंदाची सुरुवातच खेळ की प्रशिक्षण अशा घोळात झालेली आहे. घरच्या कॉम्प्युटरवर तो आला १९७९-८० च्या सुमाराला, ब्रूस आर्टविकच्या प्रोग्रॅममधून, काही रेषा म्हणजे डोंगर आणि एक आडवी रेषा म्हणजे क्षितिज. त्या रेषांवरही लोक तासन् तास उडायचे.

शनिवार: रेक्याविक ते कुलुसुक

आज आकाशापेक्षा गणित महत्त्वाचं. ४०० मैल नुसता समुद्र, समोरून १५ नॉटचा वारा. माझा वेग ११५, म्हणजे जाताना १०० आणि परत फिरले तर १३०. आता मधे कुठेतरी इंजिन कुरकुरलं तर पुढे जायचं की मागे? वाटतं की अर्ध्यावर, म्हणजे २०० मैलांवर निर्णय बदलतो. तसं नाही. समोरच्या वाऱ्यामुळे मागे जाणं स्वस्त पडतं, म्हणून दोन्हीकडे सारखा वेळ लागेल अशी जागा पुढे सरकते, ४०० गुणिले १३० भागिले २३०, म्हणजे रेक्याविकपासून २२६ मैल. वहीत त्या जागी लाल रेघ मारली. इंधन तासाला साडेआठ गॅलन धरून ३४ गॅलन, टाकीत ५३, ठीक आहे.

खरे पायलट हा टप्पा अंगात जाडजूड इमर्शन सूट घालून उडवतात, कारण या पाण्यात साध्या कपड्यांत पडलं तर हातपाय हलवायलाही फार वेळ मिळत नाही. मी पायात मोजेसुद्धा न घालता निघाले.

रेक्यानेस द्वीपकल्प डावीकडे मागे पडलं. २०२१ पासून तिथे एकामागून एक उद्रेक चालू आहेत, नवा लाव्हा पसरलाय, माझ्याकडच्या नकाशात त्यातलं काहीच नाही, सगळं जुनं हिरवट शेवाळ. पुढचे दोन तास सांगण्यासारखं काहीही घडलं नाही. जायरो जुळवा, इंधनाची टाकी बघा, वहीत टिक करा. होकायंत्राची मात्र गंमत बघा, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला फरक विकला एखाद-दोन अंश होता, रेक्याविकला दहाच्या पुढे गेला आणि ग्रीनलंडला तो वीसच्या पुढे जातो. म्हणजे खरी दिशा एकच धरून उडायचं तर काट्यावरचा आकडा दर थोड्या वेळाने वाढवत राहायचा.

लाल रेघ ओलांडून वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, मी ४,५०० फुटांवर होते, ढग खाली येत येत मला गिळून गेले आणि बाहेरचं तापमान उणे दोन. पिटो हीट, म्हणजे वेग मोजणारी नळी गरम ठेवायची सोय, आधीच चालू केली होती. तरी वेगाचा काटा ११० वरून १०५, मग १००, आणि पंखाखालच्या दांडीकडे मान वळवून बघितलं तर पुढच्या कडेला पांढरी रेघ. बर्फ. सेसना १७२ ला पंखावरचं बर्फ काढायची काहीही सोय नाही. बर्फाने वजन वाढतं ते सोडाच, पंखाचा आकार बिघडतो आणि तो हवेला धरेनासा होतो. तीन रस्ते असतात, वर ढगाच्या बाहेर, खाली गरम हवेत, किंवा आलात तसे परत. परतीचा हिशोब लाल रेघेने सोडवलाच होता, पुढचाच किनारा जवळ होता. वर जायला बर्फाने जड झालेल्या विमानात दम नव्हता. खाली समुद्र आहे, डोंगर नाही, म्हणून खालीच. हळूहळू ५०० फूट दर मिनिटाला उतरत २,५०० वर आले तेव्हा तापमान अधिक दोन झालं, ढग फाटले, आणि थोड्या वेळाने काटा परत सरकायला लागला, १०२, १०६, १०९. सिममध्ये ती पांढरी रेघ हळूहळू विरघळताना दिसते. मी पूर्ण विरघळेपर्यंत तिच्याकडेच बघत होते.

कुलुसुकचे सुळके समोर आले तेव्हा चार तास होत आले होते. इथली धावपट्टी खडीची, १,२०० मीटरच्या आसपास, १९५० च्या दशकात अमेरिकनांनी जवळच्या रडार स्टेशनसाठी बांधलेली. खडीवर सेसना उतरवायचं म्हणजे टेकल्यावरही जॉयस्टिक पोटाशी ओढून धरायची, नाकाचं चाक जितकं उशिरा आणि हलकं टेकेल तितकं बरं, ब्रेक जवळजवळ नाहीच. मॉनिटर थरथरला, स्पीकरमधून खडीचा खडखड आवाज आला आणि थांबलो. म्हणजे मी आणि विमान.

रविवार: कुलुसुक ते नारसारसुआक

३४५ मैल, बराचसा बर्फावरून. ग्रीनलंडचा हा बर्फाचा थर मधे तीन हजार मीटरच्याही वर जातो, दक्षिणेला जरा कमी. मी १०,५०० फूट ठरवले. भरलेल्या टाकीचं १७२ तिथपर्यंत चढायला जीव काढतं, शेवटची दोन हजार फूट तर मिनिटाला अडीचशे-तीनशेच्या वेगाने, तेवढ्यात मी दोनदा मिश्रण पातळ केलं आणि बाकी वेळ वाट बघितली.

याच पूर्व किनाऱ्याजवळच्या बर्फावर १५ जुलै १९४२ ला सहा पी-३८ आणि दोन बी-१७ विमानं पोटावर उतरली होती. ग्रीनलंडवरून आइसलंडला निघालेली, हवामानामुळे मागे फिरली, इंधन संपत आलं. सगळी माणसं सुखरूप परत आली, विमानं तिथेच राहिली. पुढे त्यातलं एक पी-३८ शोधून बाहेर काढलं तेव्हा ते २६८ फूट बर्फाखाली गेलेलं होतं, १९९२ मध्ये. वाऱ्याने उडत आलेला बर्फ नाही हो, वर्षावर्षाला साचलेला. मी खाली बघत होते आणि तिथे बघण्यासारखं खरोखर काही नव्हतं, सावली नाही, रेघ नाही, वरचे पातळ ढग आणि खालचं बर्फ एकाच रंगाचं, क्षितिज गायब. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवला तर विमान कधी कलंडतं कळत नाही, म्हणून नजर कृत्रिम क्षितिजावर, वेगावर, उंचीवर, परत क्षितिजावर. सूर्यप्रकाशात, खिडकीतून सगळं उजेडाने भरलेलं असताना इन्स्ट्रुमेंट बघून उडावं लागतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

पश्चिमेकडे बर्फ संपला आणि तपकिरी डोंगर, त्यात निळ्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांच्या, फांद्या. नारसारसुआक तर समोर खालीच होतं, सरळ उतरता आलं असतं. पण इंधन भरपूर होतं आणि इथला खरा रस्ता समुद्राकडून आत येतो, तर तसंच यायचं. १९४१ मध्ये अमेरिकनांनी हा तळ बांधला, सांकेतिक नाव ब्लुई वेस्ट वन, आणि युद्धात युरोपकडे जाणारी हजारो विमानं इथून गेली. ढग खाली असले की ते पायलट फ्योर्डच्या तोंडातून आत शिरून पाण्यावरून, दोन्हीकडच्या भिंतींमधून यायचे. फ्योर्ड एकसारखे दिसतात, चुकीच्या फाट्यात शिरलं तर शेवटी भिंत आणि वळायला जागा नाही.

मी नारसाक गावापर्यंत जाऊन वळले आणि ८०० फुटांवरून आत आले. वीस-पंचवीस मैल. उजव्या कडेला चिकटून, म्हणजे वळायची वेळ आलीच तर डावीकडे पूर्ण रुंदी मिळते. पाण्यात हिमखंड, डाव्या काठावर कासियार्सुकची हिरवी पट्टी, जिथे ९८५ च्या सुमाराला एरिक द रेड या नॉर्स दर्यावर्दीने आपलं शेत वसवलं होतं, आणि त्याच्या समोरच्या काठावर धावपट्टी. ती फ्योर्डच्या काठाला सुरू होते आणि हिमनदीच्या दिशेने वर चढत जाते. चढावाच्या धावपट्टीवर येताना कायम वाटतं की आपण जास्त उंचावर आहोत, आणि माणूस नकळत विमान खाली खाली घेतो, इथे तर खाली थंड पाणी. म्हणून डोळ्यांना म्हटलं गप्प बसा, वेग ६५, उंची जितकी वहीत लिहिली तितकीच. धावपट्टी ०६, वारा जवळपास नाही, फ्लॅप पूर्ण, आणि सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात मऊ लँडिंग, बघायला कुणी नाही अर्थातच. चढावामुळे ब्रेकही लागले नाहीत.

आता पुढचा प्रश्न. इथून कॅनडातलं गूस बे ६७५ मैलांवर आहे, १७२ च्या टाकीत ते बसत नाही. सिममध्ये अमर्याद इंधनाचं बटण आहे, ते मी वापरणार नाही. फेरी पायलट मागच्या सीट काढून जास्तीची टाकी बसवतात. माझ्या डोक्यात दुसराच रस्ता आहे, किनाऱ्याने वर नूकपर्यंत २५० मैल आणि तिथून डेव्हिस सामुद्रधुनी ओलांडून कॅनडातलं इकालुइट, ४४० च्या आसपास, म्हणजे कुलुसुकच्या टप्प्यापेक्षा थोडंसंच जास्त. नूकची धावपट्टी २०२४ मध्ये मोठी केली आहे, २,२०० मीटर, माझ्या सिममध्ये मात्र अजून जुनी हजाराच्याही आतलीच दिसते, पण १७२ ला तेवढीही खूप. शनिवारचं हवामान शुक्रवारी रात्री बघते, आणि तोपर्यंत रडरचे पेडल येतात का तेही.